इलेक्ट्रिक गिटारसाठी छोटे डिजिटल डिले पेडल : एकच घ्यायचे तर कोणते?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात असतो आणि गेली अकरा वर्षे एका हौशी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमचे कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मंडपात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांत होतात. जुनी हिंदी चित्रपटगीते आणि थोडी मराठी भावगीते हा कार्यक्रमाचा मुख्य भाग असतो. त्यामुळे गाण्यामधल्या तुकड्यांत गिटारचा एकेक सूर ठसठशीत यावा आणि त्याच्यामागे हलका पडसाद राहावा, एवढीच माझी गरज आहे. म्हणून वाजवलेला सूर थोड्या विलंबाने पुन्हा ऐकवणारे डिले पेडल घ्यायचे आहे.

पेडलबोर्डवर ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारे) आणि कोरस (आवाज दाट करणारे) अशी तीन पेडल्स आहेत. चौथ्यासाठी साधारण ७५ मिलिमीटर रुंदीची जागा उरली आहे. खर्चाची मर्यादा पंधरा हजारांपर्यंत आहे, खरोखर गरज असेल तर थोडे वर जाता येईल. गेला महिनाभर मी बॉसचे डीडी-८ आणि डीडी-३टी, टीसी इलेक्ट्रॉनिकचे फ्लॅशबॅक २ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे कॅन्यन यांची माहिती वाचत आहे, आणि जितके वाचतो तितका गोंधळ वाढतो. कुणी अकरा मोड, म्हणजे पडसादाचे प्रकार देतो, कुणी वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारा लूपर देतो, कुणी मोबाइलवरून नवे आवाज भरण्याची सोय देतो. मंचावर नियमित वाजवणाऱ्यांनी कृपया सांगावे की यातले कोणते गुण तीन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष उपयोगी पडतात.

सोल्डरगन

तुमचा प्रश्न नेमका असल्यामुळे सविस्तर लिहितो. मी पुण्यात वाद्ये आणि पेडल्स दुरुस्त करतो, त्यामुळे या डब्या आतून पाहण्याचा योग रोज येतो.

सर्वांत आधी जागेविषयी. बॉसचे पेडल ७३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे मोजमापाने ते तुमच्या जागेत बसेल. पण त्याचे जॅक दोन्ही बाजूंना असतात आणि साधा प्लग बाहेर दोन-अडीच सेंटिमीटर येतो. चपट्या डोक्याचे काटकोनी पॅच केबल वापरलेत तरी दोन्ही बाजूंना मिळून तीनेक सेंटिमीटर धरावे लागतात. म्हणून कोरस किंचित सरकवून जागा १०० मिलिमीटरच्या वर नेता येते का, हे खरेदीपूर्वी पाहा. ज्या पेडलांचे जॅक वरच्या बाजूला असतात ती अशा ठिकाणी सोयीची पडतात.

आता मोडांविषयी. बॉसचे डीडी-२ हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि पायाखाली मावणाऱ्या आकारातील पहिले डिजिटल डिले म्हणून ओळखले गेले. त्यातील मुख्य चिप रोलंडच्या एसडीई-३००० या रॅकमध्ये बसणाऱ्या मोठ्या यंत्रातूनच आलेली होती, आणि कमाल विलंब ८०० मिलिसेकंद होता. १९८६ साली डीडी-३ आले आणि २०१९ साली त्याचेच डीडी-३टी झाले. इतक्या वर्षांत यंत्राचा आतला भाग बदलला, तरी नॉब चारच राहिले : पडसादाची पातळी, फीडबॅक (पडसाद किती वेळा यावा), वेळ आणि मोड. वेळेच्या तीन पट्ट्या आहेत : १२.५ ते ५०, ५० ते २०० आणि २०० ते ८०० मिलिसेकंद. तुम्ही वर्णन केलेले काम शेवटच्या दोन पट्ट्यांत पुरे होते.

माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुमोडी पेडलांच्या मालकांना मी नेहमी विचारतो की शेवटचा मोड कधी वापरलात. बहुतेकांना तो घरी पहिल्या आठवड्यात ऐकल्याचेच आठवते. घरी एकट्याने वाजवणाऱ्याला उलटे वाजणारे आणि चमचमणारे पडसाद मनापासून आनंद देतात आणि त्यासाठी डीडी-८ किंवा कॅन्यन घेणे अगदी योग्य आहे. तुमचे काम मात्र त्याहून वेगळे आहे.

पाऊण_मात्रा

सोल्डरगन यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण एका गुणाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले असे वाटते. तो गुण म्हणजे लयीशी जुळणारा विलंब.

डिलेची वेळ ही स्वतंत्र गोष्ट नाही, ती मात्रेचे अपत्य आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, कारण ६०,००० भागिले १२० बरोबर ५००. या मात्रेवर पडसाद ठेवला तर तो पुढच्या सुराच्या अंगावर पडतो आणि झाकला जातो. तोच पडसाद पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर ठेवला की तो सुरांच्या फटीत येतो आणि तुम्ही सलग आठव्या भागाचे, म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर वाजवत असाल तर ऐकणाऱ्याला सोळाव्या भागांची, म्हणजे पाव मात्रेची सलग वीण ऐकू येते. यूटू या आयरिश वाद्यवृंदाच्या द एज याने ही रीत जगभर पोचवली. आपल्याकडे तबल्याच्या आडलयीची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून पेडल निवडताना दोन प्रश्न विचारा. पायाने ठोका देऊन वेळ ठरवता येते का, आणि दिलेल्या ठोक्याची पाऊणपट ते पेडल आपोआप करते का? फ्लॅशबॅकवर एक लहानसा तीन टप्प्यांचा खटका असतो, त्यात पूर्ण मात्रा, पाऊण मात्रा आणि दोन्हींची जोडी असे पर्याय मिळतात. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पायाखालचे बटण दाबून धरायचे आणि तारांवरच लय छेडायची, की पेडल ती लय पकडत असे. ही सोय मला अजूनही सर्वांत नैसर्गिक वाटते.

तुमच्या जुन्या चित्रपटगीतांत दादऱ्याच्या चालीची गाणी भरपूर असतील. तिथे पाऊण मात्रेचा हिशेब चालत नाही. दादऱ्यात एका ठोक्याचे तीन भाग पडतात, त्यामुळे पडसाद त्या ठोक्याच्या दोन तृतीयांशावर किंवा सरळ पूर्ण ठोक्यावर ठेवावा लागतो. मी दादऱ्याला पूर्ण ठोकाच ठेवतो आणि पातळी कमी करतो.

मंचामागे

मी ध्वनिव्यवस्थेच्या बाजूचा माणूस आहे, गिटार वाजवत नाही, पण सभागृहात बसलेल्या माणसाला काय ऐकू येते ते मला रोज ऐकावे लागते. तेव्हा थोडे माझेही ऐकावे.

मंगल कार्यालय म्हणजे फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि उंच पत्र्याचे किंवा स्लॅबचे छत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत २५ मीटरवर असेल तर मंचावर निघालेला सूर तिच्यावर आपटून सुमारे १५० मिलिसेकंदांत मंचावर परत येतो. म्हणजे सभागृहाने तुम्हाला एक डिले पेडल फुकट दिलेले असते आणि ते बंद करण्याची सोय नसते. गिटारवादक घरच्या खोलीत पेडल लावतो, तिथे त्याला पडसाद कमी वाटतो, म्हणून तो पातळी वाढवतो, आणि तीच मांडणी कार्यालयात आणतो. मग माझ्याकडे गायिका येऊन सांगते की गिटारच्या कोलाहलात तिला स्वतःचा षड्ज सापडत नाही.

याउलट उघड्या मैदानावरच्या मंडपात मागे भिंतच नसते. तिथे गिटार कोरडी, जवळजवळ उघडी पडते आणि त्याच वादकाला पडसाद दुप्पट लागतो. एकाच आठवड्यात दोन्ही ठिकाणी वाजवणार असाल, तर अंधारात, वाकून, पटकन फिरवता येईल अशा ठळक नॉबचे पेडल घ्या. ज्या पेडलात एका नॉबची दोन-दोन कामे आहेत, बटण दाबून धरले की वेगळे काम चालू होते, ते पेडल कार्यक्रमाच्या मधोमध मदतीला येत नाही.

स्टीरिओच्या दोन आउटपुटांसाठी जास्त पैसे मोजू नका. आपल्याकडच्या बहुतेक मांडणीत दोन्ही बाजूंच्या स्पीकरना एकच आवाज जातो, आणि तुमचा डावा पडसाद डावीकडे बसलेल्यांपुरताच राहिला तर उजवीकडच्यांवर अन्याय होतो.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत वाजवतो. दर वर्षी पुण्याला येताना कुणीतरी पेडल आणायला सांगतेच, म्हणून एक सावधगिरीची सूचना इथे लिहून ठेवतो.

अमेरिकेतून पेडल आणले तर त्याच्यासोबतचा अडॅप्टर आणू नका, किंवा आणण्यापूर्वी त्यावरची बारीक अक्षरे नीट वाचा. १२० व्होल्टचा जड, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर तो जळतो आणि कधी पेडललाही घेऊन जातो. ‘१०० ते २४०’ असे छापलेले असेल तरच तो तिथे चालेल. माझ्या मावसभावाकडे हे एकदा घडले आहे. त्या संध्याकाळी सरावाची खोली जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने भरली होती आणि पेडल दुसऱ्या दिवशीही बोलले नाही.

दुसरे असे की डिले घेण्यापूर्वी वीजपुरवठ्याचा विचार करा. ओव्हरड्राइव्हसारख्या साध्या पेडलला काही मिलिअँपिअर पुरतात. डिजिटल डिलेला त्याच्या कितीतरी पट लागतात. डीडी-८ ला ६५, तर कॅन्यनला १५० मिलिअँपिअर. नऊ व्होल्टची बॅटरी अशा पेडलात टाकणे म्हणजे रात्रीच्या कार्यक्रमात मध्यंतरापूर्वीच अंधार ओढवून घेणे.

सोल्डरगन

हडसनकाठी यांनी मुद्दा काढलाच आहे तर तो पूर्ण करतो. एकाच अडॅप्टरला माळेसारख्या केबलने चार पेडल्स जोडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. साध्या पेडलांत ती चालून जाते. डिजिटल पेडल त्याच माळेत आले की त्याच्या आतल्या घड्याळाची, म्हणजे चिपला ठेका देणाऱ्या सर्किटची बारीक शीळ सामायिक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि ओव्हरड्राइव्ह ती मोठी करून पुढे पाठवतो. गिटारचा आवाज बंद करा, ओव्हरड्राइव्ह चालू करा आणि कान द्या; डासासारखा बारीक, एकाच उंचीचा सूर ऐकू आला तर दोष पेडलचा नसून माळेचा असतो. डिलेला स्वतंत्र अडॅप्टर द्या किंवा प्रत्येक आउटपुट वेगळे असलेला पॉवर सप्लाय घ्या. यासाठी दीड-दोन हजार बाजूला ठेवायलाच हवेत, मग पेडल थोडे स्वस्त घ्यावे लागले तरी चालेल.

जुने डीडी-३ मिळत असेल तर तोही उत्तम पर्याय आहे. ते १९८६ पासून तीन दशकांहून अधिक काळ बाजारात होते, त्यामुळे वापरलेले सापडते. मात्र बॉसच्या जुन्या पेडलांवर अडॅप्टरच्या जॅकजवळ ‘एसीए’ असे छापलेले असेल तर ते वेगळ्या, जास्त व्होल्टेजच्या अडॅप्टरसाठी बनवलेले असते. आजच्या नऊ व्होल्टच्या ‘पीएसए’ अडॅप्टरवर ते मंद दिव्याने, अर्धवट जीवाने चालते आणि विकणारा तुम्हाला पेडल बिघडले आहे असे सांगून स्वस्तात देतो. खरेदी करताना प्रत्येक नॉब वाजवता वाजवता फिरवा, खरखर आली तर सफाईने बहुधा जाते. जॅकमध्ये प्लग हलवला की आवाज तुटत असेल तर किंमत कमी करून मागा.

पाऊण_मात्रा

बाजारात ‘अॅनलॉग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त डिलेंबद्दलही कुणीतरी लिहावे. नवख्या वाचकांची तिथे हमखास फसगत होते.

सोल्डरगन

लिहितो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

खऱ्या अॅनलॉग डिलेत सिग्नल एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतत नेल्यासारखा बारीक कपॅसिटरांच्या रांगेतून पुढे सरकतो. विहिरीवर माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसे. एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ टप्पे होते आणि घड्याळ १० किलोहर्ट्झला चालवले तर त्यातून सुमारे २०५ मिलिसेकंदांचा विलंब मिळे. जास्त विलंब हवा तर घड्याळ मंद करावे लागते, आणि घड्याळ मंद केले की वरच्या पट्टीतील तेज गाळून टाकावे लागते. म्हणून अॅनलॉग पडसाद दर फेरीला अधिक धूसर होत जातो आणि मूळ सुराच्या मागे नम्रपणे उभा राहतो. एमएक्सआरचे कार्बन कॉपी याच जातीचे आहे, त्याचा कमाल विलंब ६०० मिलिसेकंद आहे.

स्वस्त ‘अॅनलॉग’ पेडलांपैकी पुष्कळांच्या आत मात्र पीटी२३९९ ही चिप असते. ती तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची, मुळात कराओकेसारख्या उपकरणांतील प्रतिध्वनीसाठी केलेली, आणि पूर्णपणे डिजिटल आहे. भोवती गाळण्या लावून तिचा आवाज धूसर केलेला असतो. हे वाईट नाही. सुमारे ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती चांगली गाते. त्यापुढे ताणले की पडसादाबरोबर खरखरीत सळसळ येऊ लागते. सहावी तार, तुमच्या मंद गाण्यांना ४५०-५०० मिलिसेकंद लागतील, म्हणून तुम्हाला मी ती सुचवत नाही. छोट्या, १०० मिलिसेकंदांच्या थपडेसारख्या पडसादासाठी कुणी विचारले असते तर निःशंक सुचवली असती.

सहावी_तार

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. एक शंका विचारतो. आमचा ढोलकीवाला उत्साहात आला की लय चढते. ९६ मात्रांनी सुरू झालेले गाणे शेवटी १०० वर पोचते. अशा वेळी लयीला बांधलेला डिले उलट घातक ठरणार नाही का?

पाऊण_मात्रा

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गणितातच आहे. ९६ ला मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, १०० ला ६०० ची. म्हणजे पूर्ण मात्रेवरचा पहिला पडसाद २५ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तो कानाला फारसा टोचत नाही. दुसरा ५० आणि तिसरा ७५ मिलिसेकंद मागे पडतो, आणि तिथे मात्र ढोलकी आणि गिटार भांडल्यासारखे वाटते. त्यामुळे जिवंत तालवाद्याबरोबर वाजवताना फीडबॅक दोन पडसादांपुरताच ठेवावा, म्हणजे लय चढली तरी चूक साचत नाही. याच कारणाने बाहेरून ठोक्याचे बटण जोडता येणे मला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या कडव्यापूर्वी दोन ठोके पुन्हा दिले की विषय संपतो. डीडी-३टीला त्यासाठी वेगळा जॅक दिलेला आहे. बटण घेताना दाबेपर्यंतच जोडणारे, म्हणजे एफएस-५यू जातीचे घ्या. एफएस-५एल हे दाबल्यावर अडकून राहणारे असते.

मंचामागे

ओव्हरड्राइव्हच्या आधी डिले लावणारेही मी पाहिले आहेत. तसे केले की प्रत्येक पडसाद पुन्हा फाटतो आणि मूळ सुराइतकाच मोठा होतो. डिले शेवटी ठेवा. अॅम्पमधलाच फाटलेला ध्वनी वापरत असाल तर डिले अॅम्पच्या मागच्या सेंड-रिटर्नमध्ये (आवाज बाहेरच्या पेडलकडे पाठवून परत घेणाऱ्या जॅकमध्ये) लावा, पण काही अॅम्पांचा सेंड पेडलला झेपेल त्याहून मोठा असतो, तेव्हा आधी कमी पातळीवर ऐकून पाहा.

सहावी_तार

मंडळी, निर्णय झाला, म्हणून कळवतो.

गेल्या शनिवारी मुंबईला जाणे झाले तेव्हा माझी स्वतःची गिटार आणि ओव्हरड्राइव्ह घेऊनच दुकानात गेलो. तिथल्या मुलाने शांतपणे तीन पेडल्स लावून दिली आणि जवळजवळ तासभर वाजवू दिले. फ्लॅशबॅक २ चा आवाज मला फार आवडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. डीडी-८ मध्ये पेडल बंद केल्यावर आधीचे पडसाद विरत जाऊ देणारा खटका आहे, तो डीडी-३टीवर नाही. तिथे पाय दिला की शेपूट कापल्यासारखी तुटते. यावर मी बराच अडखळलो. मग लक्षात आले की आमच्या गाण्यांत मी डिले मध्येच बंद करत नाही. तुकडा संपला की गायिका सुरू होते आणि तेव्हा मला पडसाद नकोच असतो.

शेवटी डीडी-३टी घेतले. मुख्य कारण म्हणजे तिसऱ्या पट्टीत वेळेचा नॉब फक्त २०० ते ८०० एवढ्याच अंतरात फिरतो, त्यामुळे हाताला वेळ नेमकी सापडते. घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या सहा गाण्यांची लय मोजली. १०८ मात्रांच्या गाण्याला ४१७, १३२ च्या गाण्याला ३४१, अशा पाऊण मात्रेच्या वेळा वहीत लिहिल्या आणि नॉबच्या कडेला पत्नीच्या नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले. लाल ठिपके केरव्याच्या गाण्यांचे आणि मोतिया ठिपके दादऱ्याच्या गाण्यांचे. मंचावरच्या निळ्या दिव्यात लाल ठिपका काळा दिसतो, मोतिया मात्र स्पष्ट दिसतो, म्हणून काल लालांच्या जागी पिवळा रंग लावला.

कोरस दोन बोटे डावीकडे सरकवला. डिलेला वेगळा अडॅप्टर दिला, आणि इतके दिवस मी जी शीळ अॅम्पची समजत होतो ती जुन्या माळेचीच होती हेही कळले. काल संध्याकाळी ज्या कार्यालयात मुहूर्तावर कार्यक्रम आहे तिथे सराव केला. पातळीचा नॉब घड्याळाच्या नवावर ठेवला, घरी तो अकरावर असतो. मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिलेल्या आमच्या गायिकेने हात वर करून खूण केली की गिटार ऐकू येते आहे आणि तिचा षड्जही.